बिनआवाजाची सायकल

दौंडला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला, "घोरता का?"

मला बघायला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी तेव्हा दौंडच्या एका दूध शीतकरण केंद्रात चाचणीच्या कामाला नुकतीच लागले होते. माझं गाव वडगाव रासाई. तिथून रोज ये-जा करून सकाळचं दूध गाठणं शक्य नव्हतं आणि ही वरची खोली हवेशीर होती. तेव्हा राग गिळून मी म्हटलं, "झोपल्यावर मला कसं कळायचं?" त्यांनी जरा विचार करून मान डोलावली. मग मला जिना दोनदा चढायला-उतरायला लावला, स्वतः खाली कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "टाच आपटत न्हाई तुमची. या राह्यला."

सामान घेऊन गेले तर खोलीच्या दाराला, खिडक्यांना, कडीला, अगदी छताच्या पंख्यालासुद्धा तेल पाजून ठेवलेलं. दार इतकं मुकाट उघडायचं की पहिले काही दिवस मी दचकायची. खाली त्यांची बायको भाकऱ्या थापत असायची. तिनं मला धीर दिला. "भिऊ नको पोरी. भूत न्हाई ते. माझा नवरा हाय."

गल्ली त्यांना आबा म्हणायची आणि तिला काकी. मीही तेच म्हणू लागले. घरात दोघंच. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात काही पडायचं नाही, फुटायचं नाही, आणि जे थोडंफार वाजायचं त्याच्या मागे आबा तेलाची बुधली घेऊन लागलेले असायचे. देवघरातली घंटासुद्धा सुटली नव्हती. तिच्या आतल्या लोलकाला त्यांनी दोरा गुंडाळून ठेवला होता. काकी रोज सकाळी तो सोडायच्या, पूजा करायच्या, आणि दुपारी बघावं तर दोरा परत जागेवर.

आबा रेल्वेतून निवृत्त झालेले. दौंडसारख्या जंक्शनात यात काही विशेष नाही, दर दुसऱ्या घरात एक रेल्वेवाला असतो. पण आबांचं काम विशेष होतं. गाडी स्टेशनात शिरताना रुळांच्या कडेला उकिडवं बसायचं आणि डबे समोरून जात असताना चाकांचा आवाज ऐकायचा. चाकाला कुठे चपटा डाग पडला असेल, काही ढिलं झालं असेल, काही लोंबत असेल, तर ते आवाजात कळतं म्हणे. सगळी नोकरी त्यांनी अशी कान देऊन केली. "यंत्र उगा बोलत न्हाई ताई," ते मला सांगायचे. मी त्यांना मुलगी शोभेन अशा वयाची, पण 'ताई' आणि 'तुम्ही' त्यांनी सोडलं नाही. "बोलाय लागलं म्हंजी समजायचं, त्याचं काहीतरी दुखतंय."

माणसांच्या बाबतीत हा कान चालत नसे. काकी चार-चार दिवस गुडघा धरून चालायच्या, तोंडानं सांगायच्यासुद्धा, आणि आबा त्यांच्या शिवणयंत्राच्या पायट्याला तेल घालत बसलेले असायचे.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट काकी फार रंगवून सांगायच्या. एकदा म्हणे आबांनी एक पॅसेंजर रोखून धरली. एका डब्यातून दण्‌-दण्‌ असा ठोका येत होता. माणसं खाली वाकली, चाकं ठोकून बघितली, बॅटऱ्या मारून बघितल्या. काही नाही. गार्ड वैतागला, लोक खिडक्यांतून ओरडायला लागले. शेवटी आबा स्वतः डब्यात चढले. बाकाखाली कुणाच्या तरी लग्नातल्या आहेराचा पितळी हंडा आडवा पडला होता आणि गाडी हलली की दोन्हीकडे आपटत होता. सगळं स्टेशन हसलं. आबांनी कुणाकडून तरी पोतं मागून घेतलं, हंड्याखाली नीट खोचलं, खाली उतरले आणि म्हणाले, "आता न्हाई वाजायचा. सोडा गाडी." त्यावरून त्यांना बरेच दिवस हंडेवाले म्हणत. आबांना त्यात हसण्यासारखं काय ते कधी कळलं नाही. आवाज होता, शोधला, थांबवला. काम झालं.

पण खरं प्रकरण होतं त्यांची सायकल. काळी, उंच, जुन्या पद्धतीची. साध्या सायकलच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक पळत राहतं आणि त्यातून टिकटिक-टिकटिक असा आवाज येतो. मला तो आवाज आवडायचा. आबांना खपायचा नाही. त्यांचं म्हणणं, त्या टिकटिकीखाली बाकीचे सगळे आवाज दडून बसतात. निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी फ्रीव्हील काढून टाकलं. त्यांचा एक भाचा कोरेगाव भीमाच्या बाजूला कारखान्यात लेथवर होता. त्याच्याकडून एक साधी दातेरी चकती करून आणली आणि ती मागच्या चाकाला कायमची घट्ट बसवली. आता चाक फिरलं की पायडल फिरणार, पायडल थांबलं की चाक थांबणार. उतारावरसुद्धा पायांना सुट्टी नाही. ब्रेक त्यांनी काढूनच टाकले, कारण ब्रेकच्या सळया खुळखुळतात. थांबायचं असलं की पायांनी पायडल मागे रेटायचं.

भाचा म्हणाला होता, "मामा, लोकं सायकलीला नवीन गेअर बसवून घेत्यात आन् तुम्ही हाय ते काढताय."

"रेल्वेच्या चाकाला कुठं हाय फ्रीव्हील?" आबा म्हणाले.

काकी म्हणायच्या, "सरकारनं ह्यांना पेन्शन दिली, पायांना दिली न्हाई." ते खरंच होतं. आबा ओट्यावर चहा पीत बसले असले तरी त्यांची पावलं जमिनीवर हळूहळू फिरत असायची.

फ्रीव्हील गेलं आणि आबांना हवं होतं तेच झालं. दडून बसलेले आवाज एकेक करून बाहेर आले. त्यानंतरची काही वर्षं त्यांनी त्या आवाजांच्या मागे काढली. मी राहायला गेले तेव्हा हे काम ऐन भरात होतं. रोज सकाळी भीमेच्या बाजूला एक लांब चक्कर मारून यायचे आणि आल्या-आल्या काकींना बातमी द्यायचे. "आज कॉटर बोलतोय." कॉटर म्हणजे पायडलाचा दांडा आसाला धरून ठेवणारी बोटाएवढी पाचर. ती जरा ढिली झाली की पायडलाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् करते. काकी म्हणायच्या, "बोलू द्या. तुमच्याशी तेवढंच कुणीतरी बोलतंय."

चेनचा ताण हा तर त्यांचा आवडता विषय. "तंग चेन कण्हती आन् ढिली चेन बडबडती," असं ते म्हणायचे. चेन मधोमध धरली की अर्ध्या बोटाएवढी खाली-वर झाली पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. बरं, हे एका जागी जमवून भागत नाही, कारण पुढची दातेरी चकती कधीच पुरती गोल नसते. पायडल थोडं फिरवलं की तीच चेन तंग होते. मग चाकाचे नट ढिले करून परत पहिल्यापासून. रॉकेल मिळेनासं झालं होतं म्हणून चेन डिझेलमध्ये भिजवून, दात घासायच्या ब्रशनं एकेक कडी घासून, पुसून, वाळवून, मग प्रत्येक कडीला तेलाचा एक थेंब. एकच. जास्त झालं तर धूळ धरते आणि करकरते. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "आबा, कड्यांना नावं ठेवलीत का?" ते म्हणाले, "न्हाई. पन एक जरा आखडू हाय, ती ओळखू येती."

पुढची चकती आणि मागची चकती एका रेषेत हवी, नाहीतर चेन तिरकी पळते आणि घासते. ही रेषा बघायला आबा काकींच्या शिवणाचा पांढरा दोरा वापरायचे. एक टोक पुढे काकींनी धरायचं, दुसरं मागे आबांनी, आणि आबा एक डोळा मिटून त्या दोऱ्यावरून बघत राहायचे. मग मागच्या चाकात पत्र्याची एक पातळ चकती घालायची, परत दोरा. गॅसवर दूध उतू जातंय, दारात पोस्टमन उभा आहे, आणि काकी दोऱ्याचं टोक धरून बसलेल्या. "लग्नात अंतरपाट धरला नसंल इतका येळ धरला हा दोरा," त्या मला डोळा घालून सांगायच्या. पण धरायच्या. एकदाही सोडला नाही.

एका सकाळी आबांनी आम्हा दोघींना फाटकात बोलावलं. मी कामाला निघाले होते, केसांत कंगवा तसाच. ते गल्लीच्या टोकाला गेले, वळले आणि आमच्याकडे आले. चेन, कॉटर, मडगार्ड, कॅरियर, कशाचाही आवाज नाही. फक्त टायरखाली धूळ सरकते तेवढी. आमच्यासमोरून ते गेले तरी समोर बघत नसतो तर कळलं नसतं. परत येऊन पायडल रेटून थांबले. कपाळावर घाम आला होता.

"ऐकलं?" ते म्हणाले.

"काय ऐकायचं? काही आवाजच नाही," मी म्हटलं.

"त्येच."

त्या दिवशी काकींनी गोडाचा शिरा केला. कशाबद्दल म्हणून शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा त्यांना काय सांगावं ते कळेना. त्या नुसत्याच हसल्या.

मला वाटतं तो आबांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. तो तसाच राहिला असता तर बरं झालं असतं.

पुढे जे झालं ते कधी सुरू झालं हे सांगता येणार नाही. एकदा आबा मला म्हणाले, "हल्ली गाड्या चांगल्या ठेवत्यात बरं का. चाकाचा आवाजच येत न्हाई पैल्यासारखा." घर रुळांपासून लांब नव्हतं. मला तर मालगाडी गेली की पाण्याच्या पेल्यावर तरंग दिसायचे. मी व्हय म्हटलं. मग ते म्हणू लागले की कुकरची शिट्टी बिघडली. त्यांनी शिट्टी उकळून धुतली, रबर बदललं, तरी समाधान होईना. पंखा बरा झाला म्हणाले. वरच्या पाण्याच्या टाकीची मोटर बरी झाली म्हणाले. मी आल्या-आल्याच्या दिवसांत याच माणसानं माझ्या हातातल्या फोनवरून, वडील बोलत असताना मागे चालू असलेला विहिरीवरचा पंप ऐकून "मोटर कण्हतीया, बेरिंग बघा" असं सांगितलं होतं. आता त्यांच्या स्वतःच्या खिशात फोन वाजत राहायचा आणि ते शांतपणे शेंगा सोलत बसायचे.

त्यांचे कान जात चालले होते. पण दुसरा कुणी असता तर त्याला कानाची शंका आली असती, आबांना आली नाही. कानावर त्यांचा इतका विश्वास होता की त्यांना वाटलं जगच दुरुस्त होत चाललंय. ते खुशीत होते. मला त्या खुशीचं फार वाईट वाटायचं.

आणि सायकल परत बोलायला लागली. बोलणारच, यंत्र आहे ते. चेन कोरडी पडली, कव्हरला घासायला लागली, कॉटर ढिला झाला. पण आबांना ऐकू येईना, म्हणून ते हातही लावीनात. रोज सकाळी खर्र-टक्, खर्र-टक् करत सायकल गल्लीतून जायची आणि आबा ताठ मानेनं दोन्ही बाजूंना बघत जायचे. कुणी समोर आलं की विचारायचे, "हाय का आवाज?" लोक तोंड फिरवून हसायचे. पानाच्या टपरीवर तर त्यांची नक्कल व्हायला लागली. मी एकदा तिथे जाऊन भांडून आले.

त्या दिवशी मी काकींना म्हटलं, "आता त्यांना सांगितलं पाहिजे. कानाचं मशीन मिळतं. आणि ते सकाळी भीमेकडे हायवेनं जातात, मागून गाडी आली तर?"

काकी मेथी निवडत होत्या. "मला काय कळत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "फाटकातनं भाईर पडले की परत येईस्तवर माझा जीव थाऱ्यावर नसतोय. पन पोरी, त्या माणसाकडं दुसरं काय हाय ते तू सांग. कान गेला म्हन्लं तर तो खाटंवरनं उठायचा न्हाई. मी वळखते त्याला."

"मग?"

"मग सायकल तरी खरीच गप करू. लोकं हसायची तरी थांबतील."

आबा दुपारी जेवून पडायचे. आम्ही मागच्या पडवीत सायकल उलटी करून बसायचो. मला सुट्टी असेल तेव्हा मी, नाहीतर काकी एकट्या. ज्या बाईनं सगळा जन्म त्या सायकलीला सवत म्हटलं होतं, ती पदर खोचून चेन डिझेलमध्ये बुडवत होती. दोरा तर त्यांना माहीतच होता. मी पायडल फिरवायचं आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. सुरुवातीला त्यांना काही समजायचं नाही, मग समजायला लागलं. "थांब," त्या म्हणायच्या, "तीच आखडू कडी." एकदा नट आवळताना पाना सुटून त्यांच्या बोटाचं साल निघालं. आबांनी विचारलं तर म्हणाल्या, खोबरं किसताना लागलं. काकी रोज ऐकायच्या, आणि सायकल पुन्हा गप्प झाली. टपरीवरची नक्कल थांबली. आबांना यातलं काही माहीत नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

उसाचा हंगाम सुरू झाला तेव्हा एक दिवस आबांच्या पाठोपाठ एक ट्रॅक्टरवाला थेट फाटकात आला. पोरगेलासा, चिडलेला. ट्रॅक्टर आणि मागच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या त्यानं मेन रोडला उभ्या केल्या होत्या.

"आजी, किती लांबनं हॉर्न मारतोय मी," तो काकींना म्हणाला. "आबा मधनं हालनात. ब्रेक लागला म्हणून, न्हायतर आज काय खरं नव्हतं. ऐकू येत न्हाई तर घरी बसवा की त्यांला."

आबा शेजारीच सायकल धरून उभे होते. त्यांनी हसून काकींना विचारलं, "काय म्हंतोय त्यो?"

काकींनी आबांकडे तोंड केलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "सायकल चांगली हाय म्हंतोय. आवाज न्हाई म्हंतोय."

आबांनी ट्रॅक्टरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दोन्ही चकत्या एका दोरीत पाहिजेत," ते म्हणाले. "तुमच्या ट्रॉलीच्या चाकाचं बी बघा जरा." पोरगा एकदा काकींकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. त्याचा राग कुठे गेला कोण जाणे. "व्हय आबा, बघतो," तो ओरडून म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी काकी बाजारातून सायकलचा आरसा घेऊन आल्या. मला वाटलं आबा तो फेकून देतील, कारण हँडलवर जास्तीचं काही लावलं की ते वाजतं, हे त्यांचं कायमचं म्हणणं. पण त्यांनी आरसा हातात घेऊन उलटासुलटा बघितला, ट्यूबच्या रबराची पट्टी कापून त्याच्या दांड्याला गुंडाळली आणि मुकाट बसवून टाकला. नंतर ते हायवेला जायचेही बंद झाले. कॉलनीतल्या कॉलनीत फिरायचे. आम्हाला वाटलं, काकींच्या शब्दाला किंमत आली.

मग माझी शिरूरच्या केंद्रावर बदली झाली. निघताना काकी म्हणाल्या, "आता पायडल कोन फिरवंल?" आणि माझं तोंड बघून लगेच म्हणाल्या, "जा तू. एका हातानं फिरवीन, एका हातानं तेल घालीन."

त्याच थंडीत त्या गेल्या. न्यूमोनिया झाला, दवाखान्यात ठेवलं, आणि मी रजा मागेपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्याला गेले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं. आबा एका कोपऱ्यात बसले होते, प्रत्येकाला मान हलवून हां म्हणत होते. त्यांची पावलं जमिनीवर फिरत नव्हती. ते बघून मला जास्त रडू आलं.

परत गेले ते उन्हाळ्यात. गल्लीत वळले आणि सायकल दिसायच्या आधी ऐकू आली. खर्र-टक्, खर्र-टक्. इतका आवाज तिनं कधीच केला नव्हता. चेन वाळून तांबडी पडली होती आणि लोंबून कव्हरवर आपटत होती. दारं-खिडक्यांतून कुणी हसत नव्हतं, हे एक बरं होतं. आबांनी मला आरशात बघितलं असावं. पायडल रेटून थांबले आणि उतरले.

त्यांनीच चहा केला. घरात दारं करकरत होती. देवघरातल्या घंटेला दोरा नव्हता. मी समोरासमोर बसून सावकाश बोलले तर त्यांना ओठांवरून कळत होतं.

"शेवटी लई बोलली ती," आबा म्हणाले. "तोंडाला ते ऑक्सिजनचं मास्क होतं. त्याच्या आतनं बोलत होती. ओठ दिसत नव्हते मला. मी आपलं हां हां म्हंत राह्यलो."

"काय म्हणाल्या?" मी विचारलं. विचारून झाल्यावर माझं मलाच कळलं मी काय विचारलं ते.

"न्हाई ठाऊक," आबा म्हणाले. "नर्सला इचारलं. तिचं बी ध्यान नव्हतं."

मला तिथे बसवेना. मी उठून मागच्या पडवीत गेले. तेलाची बुधली काकी ठेवायच्या तिथेच होती, धुण्याच्या दगडाच्या मागे. ती आणि फडकं घेऊन मी सायकलीपाशी बसले, तर आबा येऊन उभे राहिले.

"ठेव ते पोरी," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा 'पोरी' म्हणाले.

"आबा, चेन पार वाळलीय."

"ठाऊक हाय मला." ते माझ्यासमोर उकिडवे बसले, पूर्वी रुळाच्या कडेला बसत असतील तसे. "कान गेले ते त्या ट्रॅक्टरवाल्याचं तोंड बघितलं तवाच कळलं. सायकल चांगली हाय म्हणनाऱ्याचं तोंड तसं नसतंय. मग दुपारी मी पडल्या-पडल्या खिडकीतनं बघायचो. तुम्ही दोघी हितं बसायचा. ती मांडीवर चेन घेऊन. सगळा जन्म शिव्या दिल्या तिनं ह्या सायकलीला. मी उठून काय सांगनार होतो तिला? पडून राह्यचो."

"आणि आम्हाला वाटायचं तुम्हाला कळत नाही."

"सकाळच्याला पायडलवर पाय ठेवला की कळायचं. काल पुसली, काल तेल दिलं. कानाला न्हाई. पायाला. फ्रीव्हील असतं तर हे बी कळलं नसतं मला."

मी बुधली खाली ठेवली नव्हती. त्यांनी ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली आणि दगडामागे परत ठेवली.

"आता वाजू दे तिला," ते म्हणाले. "घरात भांडं पडलं तर कळत न्हाई मला. दार वाजलं तर न्हाई. ही पायाखाली बोलती तेवढीच येती माझ्यापत्तूर. ती पन गप केली तर मग कोन हाय?"

मी फडकं बाजूला ठेवलं. आबा म्हणाले, "कसा येतोय आवाज? तू ऐकलास ना येताना. सांग."

"पायडलाच्या एका फेऱ्याला एकदा," मी म्हटलं. "उजवीकडून. टक्."

"कॉटर. आन्?"

"चेन कव्हरला घासतीय."

"कशी?"

मी त्यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट दिसतील असं करून दाखवलं. "खर्र. खर्र." त्यांनी परत करायला लावलं. माझ्या ओठांकडे ते एकटक बघत होते आणि मान हलवत होते. व्हय, तसंच, म्हणाले. पाना कॅरियरच्या पिशवीतच होता. तो त्यांनी काढला नाही. पायजम्याची उजवी बाजू मोज्यात खोचली, फाटकाबाहेर जाऊन सायकलीवर बसले आणि निघाले.

मी फाटकात उभी राहिले. दोन्ही पाय फिरत होते, सायकल वाजत होती. शेजारच्या बाई दारात येऊन माझ्याकडे बघून आत गेल्या. गल्लीच्या टोकाला आबा वळले आणि मला तो आवाज ऐकू येईनासा झाला. त्यांना येत होता.